उघडायचे ते झाकू नका, झाकायचे ते उघडू नका

प्रति,
मा. कुलगुरू, व्यवस्थापन परिषदेचे सर्व सदस्य आणि ग्रंथालय समिती यांस,

विषय: सातपुड्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम केलेल्या डॉक्टरसाहेबांची कागदपत्रे अभिलेखागारात खुली करण्याबाबत

महोदय,

डॉक्टरसाहेबांच्या कुटुंबाने त्यांची सगळी कागदपत्रे विद्यापीठाच्या स्वाधीन केली आणि विद्यापीठाने ती स्वीकारली, याबद्दल आधी मनापासून आभार. खान्देशात नामांकित डॉक्टर पुष्कळ झाले. पण रक्ताच्या नळ्या आणि हाताने फिरवायचे सेंट्रिफ्यूज घेऊन धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जाणारे, आणि तिथे जे सापडले ते वर्षानुवर्षे लिहून ठेवणारे फार थोडे. ती पाने रद्दीत गेली नाहीत, हेच मोठे काम झाले.

मात्र विद्यापीठाने जाहीर केलेला पुढचा कार्यक्रम वाचून गप्प बसवत नाही. दालनाचे उद्घाटन, त्याच दिवशी सर्व तपासणी वह्या स्कॅन करून संकेतस्थळावर, मूळ वह्यांची निवडक पाने लॅमिनेट करून काचेच्या कपाटात. आणि या सगळ्याआधी एक समिती बसून ‘कच्ची, दुबार व अप्रस्तुत’ कागदपत्रे बाजूला काढणार. यातला प्रत्येक निर्णय चांगल्या हेतूने घेतला असेल. तरी एकत्र पाहिले तर उलटेच घडते आहे. आजारी माणसांची नावे, जी झाकायला हवीत, ती जगजाहीर होणार; आणि शास्त्रज्ञाच्या चुका, शंका, फसलेल्या चाचण्या, ज्या उघड्या राहायला हव्यात, त्या समितीच्या टेबलावरून रद्दीवाल्याकडे जाणार.

हे पत्र लिहिणाऱ्यांत जुन्या कागदांचे जतन करणारे आहेत, ग्रंथपाल आहेत, प्रयोगशाळेत रक्त तपासणारे आहेत. आणि ज्या पाड्यांवर डॉक्टरसाहेबांनी रक्त घेतले त्या पाड्यांतल्या घरांतलेही आहेत. त्या वह्यांमधली काही नावे आमच्या आजोबा-आज्यांची, आमच्या आयांची आहेत. डॉक्टरसाहेबांचे आणि विद्यापीठाचे नाव आम्ही इथे मुद्दाम घेत नाही. डॉक्टरांच्या नावावरून शिबिरांची गावे कळतात, गावांवरून घरे कळतात. शिवाय कोणा एका संस्थेची बदनामी करण्यासाठी हे लिहिलेले नाही. जाहीर लिहिले ते अशासाठी, की ही कागदपत्रे ज्यांच्याबद्दल आहेत त्यांनाही वाचता यावे.

पहिली आणि सर्वांत मोठी हरकत नावांची.

तपासणी वहीचे एखादे पान डोळ्यांसमोर आणा. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, पाडा, जमात. पुढे प्लीहा किती बोटे लागते, हिमोग्लोबिन किती, सोल्युबिलिटी (सिकलची प्राथमिक चाचणी) होकारार्थी की नकारार्थी, आणि शेवटच्या रकान्यात एए, एएस किंवा एसएस, म्हणजे निरोगी, वाहक किंवा रुग्ण. शेवटच्या रकान्याची शाई बहुधा वेगळी असते, कारण इलेक्ट्रोफोरेसिसचे, म्हणजे विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीचे, निकाल प्रयोगशाळेतून नंतर आल्यावर भरलेले असतात. काही ओळी कंसात धरून शेजारी ‘सख्खी भावंडे’ असे लिहिलेले. पान उलटले की मागे वंशावळ: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वाहक अर्धा काळा, रुग्ण पूर्ण काळा.

हा साधा हजेरीपट नाही. सिकलसेल आई-बापांकडून येतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५०च्या दशकात दाखवलेला हा एवढासा फरक. एकाच बाजूने आला तर माणूस वाहक, म्हणजे एरवी धडधाकट. दोन्ही बाजूंनी आला तर रुग्ण. आई-बाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक. म्हणून कोणाचाही निकाल त्याच्या एकट्याचा नसतो. एका मुलापुढे ‘एसएस’ लिहिले की त्याच्या आई-बापांबद्दल, भावंडांबद्दल आणि पुढे त्यांच्या मुलांबद्दलही काही ना काही लिहिले गेले.

समजा १९७५च्या वहीत आठ वर्षांचा मुलगा आहे. तो आज साठीच्या घरात आहे, त्याच्या नातवंडांची लग्ने ठरायची आहेत. ‘अमक्याच्या घरात सिकल आहे’ एवढे कानावर आले की सोयरीक मोडते, आणि ते बहुतेक वेळा मुलीच्या वाट्याला येते. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे आरोग्यसेविका आणि आशाताई पाड्यापाड्यांवर समजावून सांगतात. त्यांच्या कामावर एका फाइलीने पाणी पडेल. कारण फाइलीत निकाल दिसतो, समजावणारे माणूस दिसत नाही.

‘आम्ही नावे काळी करू’ असे उत्तर मिळेल, म्हणून त्यातले कच्चे दुवे आताच सांगतो. पाड्यावर आडनावे मोजकी असतात: पाडवी, वळवी, वसावे, तडवी, पावरा. नुसते नाव पुसून बापाचे नाव, वय, पाडा आणि तपासणीचे वर्ष तसेच ठेवले तर गावातला कोणीही शेंबडा पोरगा ते घर ओळखेल. वंशावळीला तर नावाचीही गरज नाही. पाच भाऊ, दोन बहिणी, धाकटा लहानपणी गेलेला, एवढ्यावरून घर कळते. दुसरे, पीडीएफवर काळी पट्टी ओढली म्हणजे मजकूर गेला असे नसते. पट्टी वरच्या थरावर बसते, खालचा मजकूर निवडून नकलता येतो. झाकायचे असेल तर प्रतिमेच्या प्रतीवर झाकून, सगळे थर एक करून नवी प्रतिमा काढावी लागते. आणि मूळ वहीवर मार्कर तर कधीच लावायचा नाही.

हे कसे अंगावर येते त्याचे उदाहरण अमेरिकेत घडून गेले आहे. हवासुपाई या आदिवासी जमातीने १९९०च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून अॅरिझोना स्टेट विद्यापीठाला रक्त दिले. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनियापासून जमातीच्या मुळापर्यंतचे अभ्यास झाले, तेही त्यांना न विचारता. प्रकरण कोर्टात गेले. २०१०च्या तडजोडीत विद्यापीठाला ७ लाख डॉलर द्यावे लागले आणि उरलेले रक्ताचे नमुने जमातीला परत करावे लागले. आपल्या पाड्यांवरच्या माणसांनीही रक्त दिले ते औषध मिळेल, मूल वाचेल म्हणून. संकेतस्थळावर नाव यावे म्हणून कोणी बोट पुढे केले नव्हते. डॉक्टरसाहेबांना त्यांनी दिलेला शब्द कागदांबरोबर आता विद्यापीठाकडे आला आहे.

वह्यांबरोबर गाळणकागदावर वाळवलेले रक्ताचे ठिपके किंवा काचपट्ट्या आल्या असतील, तर त्यांना कागद समजू नका. तो मानवी नमुना आहे. तो काचेच्या कपाटात ठेवायचा नाही, आणि नीतिसमितीला विचारल्याशिवाय कोणाला द्यायचाही नाही.

आता दुसरी बाजू. ‘कच्ची’ म्हणून काय फेकले जाणार आहे?

पक्क्या अहवालात एका पाड्यावर एवढे वाहक, एवढे रुग्ण, असे आकडे येतात. ते आकडे किती खरे, हे कच्च्या वहीशिवाय कळत नाही. सोल्युबिलिटी चाचणीत फॉस्फेट बफर, लाल पेशी फोडायला सॅपोनिन आणि ऑक्सिजन काढून घ्यायला सोडियम डायथायोनाइट असते. त्यात थोडे रक्त टाकून पाच मिनिटे थांबायचे आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर नकारार्थी, गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर होकारार्थी. ही चाचणी कुठे चुकते हे काम करणाऱ्यांना पाठ असते. डायथायोनाइटची बाटली उघडी राहिली, पावसाळी हवा लागली की पावडरीचा जोर जातो आणि सिकल असूनही नळी स्वच्छ दिसते. रक्त फारच कमी असलेल्या माणसात आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात चाचणी चकवते. बाळात अजून गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असते. म्हणून कच्च्या वहीच्या कडेला लिहिलेली ‘आज कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेला नमुना) नीट आले नाही’, ‘नवी बाटली फोडली’ अशी एखादी ओळ त्या दिवशीच्या सगळ्या गावाच्या निकालांचा भाव ठरवते. ती वही गेली की पक्का आकडा तपासायला काही उरत नाही.

हिमोग्लोबिनचेही तेच. साहलीच्या पद्धतीत २० मायक्रोलिटर रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालून तपकिरी रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो. पाहणारा बदलला, उजेड बदलला, थांबायची वेळ कमी झाली की आकडा बदलतो. आजच्या यंत्राच्या आकड्याशेजारी तो तसाच ठेवता येत नाही. कोणत्या वर्षापासून कोणती पद्धत वापरली, हे कच्च्या टिपणांतच सापडते.

वह्यांत चिकटवलेल्या लालसर पट्ट्या दिसल्या तर ‘प्लास्टिकचे तुकडे’ म्हणून काढू नका. त्या सेल्युलोज अॅसिटेटच्या इलेक्ट्रोफोरेसिस पट्ट्या असतील, पाँसो रंगाने रंगवलेल्या. ८.६ पीएचला एस आणि डी हे हिमोग्लोबिनचे दोन बदललेले प्रकार एकाच जागी थांबतात. वहीत ‘एसएस’ लिहिले असले तरी तो खरोखर एसएस होता की डीडी, या शंकेचा माग घ्यायचा तर पट्टी आणि तिच्याशेजारचा सोल्युबिलिटीचा निकाल दोन्ही हाताशी लागतात. पट्टी वहीतून सुटली, तिचा अनुक्रमांक गेला, की ती कोणाची हे परत कळणार नाही.

भारतात सिकलसेल नोंदला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत, लेहमन आणि कटबुश यांच्याकडून. त्यानंतर या देशात या आजाराबद्दल जे कळले ते मुख्यतः अशाच गावोगावच्या वह्यांमधून. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आणि २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन हे उद्दिष्ट आहे. सातपुड्यात दोन पिढ्यांपूर्वी काय स्थिती होती, हे सांगणारा दुसरा पुरावा कुठून आणणार?

समितीच्या ‘अप्रस्तुत’ या शब्दाची आम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते. सरकारी खात्यांशी झालेली खडाजंगी, औषध न पोचल्याच्या तक्रारी, सहकाऱ्यांशी मतभेद, फसलेला प्रयोग, नंतर मागे घेतलेले अनुमान हे सगळे त्या शब्दात बसते. डॉक्टरसाहेबांच्या कीर्तीला बाधा येऊ नये ही भावना आम्ही समजू शकतो. पण लुई पाश्चर यांचे पाहा. आपल्या प्रयोगवह्या कोणाला दाखवू नका, असे त्यांनी घरच्यांना बजावले होते. त्यांच्या नातवाने १९६४ मध्ये त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. पुढे अभ्यासकांनी त्या वाचल्या तेव्हा कळले की १८८१च्या पुयी-ल-फोर येथील गाजलेल्या जाहीर प्रयोगात मेंढ्यांना दिलेली अँथ्रॅक्सची लस, लोकांचा समज झाला होता त्याप्रमाणे हवेतल्या ऑक्सिजनने जंतू सौम्य करून नव्हे, तर सहकारी शांबरलां यांच्या पोटॅशियम डायक्रोमेटच्या पद्धतीने केली होती. त्याने लस खोटी ठरली नाही. विज्ञान प्रत्यक्षात कसे चालते ते मात्र कळले.

आणि नोंदी माणसाला वाचवतातही. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांच्यावर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावच्या मृत्यूंचा ठपका आला. लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले, आणि सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले. दोष परळच्या प्रयोगशाळेचा, असे धरून हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही बारीकशी गोष्ट नोंदीत होती. तिच्या आधारे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. चिमटा पडल्याची नोंद कोणत्याही निवड समितीने पहिल्या फेरीत ‘अप्रस्तुत’ ठरवली असती.

तिसरी हरकत मांडणीची. कागदपत्रे आली तेव्हा गठ्ठे होते. आता ती ‘पत्रे’, ‘वह्या’, ‘फोटो’, ‘वर्तमानपत्रे’ अशी वेगवेगळ्या कपाटांत लावली जात आहेत असे कळते. हे आजच्या आज थांबवा. एका फडक्यात गावाची तपासणी वही, तिथल्या शिक्षकाचे पत्र, एसटीचे तिकीट आणि औषधांची पावती बांधलेली असेल, तर ती चार वस्तू एकत्र असण्यातच माहिती आहे. पत्रावर तारीख नसली तर तिकिटावरून कळते. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांनी गोळा केलेली दप्तरे आणि समर्थ वाग्देवता मंदिरातली रामदासी बाडे ज्या भागात जपली गेली, त्या भागाला हे नव्याने सांगावे लागू नये.

सूची करताना प्रत्येक गठ्ठ्याला संकेतांक, शीर्षक, कोणाची कागदपत्रे, कोणत्या काळातली, किती, आणि संग्रह-गठ्ठा-नग यांपैकी कोणत्या पातळीचे वर्णन, या सहा गोष्टी तरी हव्यातच. खान्देशात आणखी एक भर घालावी लागेल. १९९८च्या १ जुलैला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर ‘जि. धुळे’ असणार, आणखी मागे गेले तर ‘पश्चिम खानदेश’. अक्राणी आणि धडगाव ही नावे आलटून-पालटून येणार. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली आणि तिथली कुटुंबे तळोदा-अक्कलकुव्याकडच्या वसाहतींत आली. वहीतला पाडा आज नकाशावर शोधून सापडणार नाही. सूचीत कागदावरचे नाव आणि आजचे नाव शेजारी-शेजारी पाहिजे. नाहीतर त्या माणसांच्या वारसांना आपले पान कधीच सापडणार नाही.

जतनाचे थोडक्यात सांगतो, पण ते तातडीचे आहे.

लॅमिनेशन करू नका. दुकानातल्या लॅमिनेशनमध्ये गरम रोलरखाली प्लास्टिकचा चिकट थर कागदाच्या धाग्यात वितळून बसतो, तो परत निघत नाही. कागदातले आम्ल आत कोंडले जाते आणि कागद प्लास्टिकच्या आतच तपकिरी होऊन तुटतो. फाटलेले पान जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावून सांधतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. अॅसिटोन वापरून टिश्यू बसवण्याची जुनी पद्धतही बॉलपेनच्या लिखाणावर चालणार नाही. अॅसिटोनने ती शाई फुटते. फाउंटनपेनच्या निळ्या शाईवर पाण्याचा हात फिरवण्याआधी कडेच्या एका अक्षरावर थेंब ठेवून टिपकागदाने टिपून पाहावे. निळे उतरले तर ते पान ओले करायचे नाही.

स्टेशनरीच्या दुकानातली पारदर्शक पीव्हीसीची पाकिटेही नकोत. त्यात झेरॉक्सची अक्षरे प्लास्टिकला चिकटून कागदावरून उठतात. गंजलेली टाचणी ओढून काढायची नाही. कागद आणि टाचणी यांच्यामध्ये पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवून, मागचे टोक उचलून मग सोडवायची. ईसीजीच्या पट्ट्या आणि फॅक्सचे कागद उष्णतेने उमटलेले असतात, ते आपोआप पुसट होतात. बाकी सगळे थांबवून आधी त्यांचे स्कॅन करा. फिल्मच्या डब्यांना आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते बाकीच्या संग्रहापासून लांब, थंड जागी ठेवा.

आणि कूलर. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा दिवसांत वाचनकक्षात डेझर्ट कूलर लावला की माणसांना बरे वाटते, कागदाची मात्र वाट लागते. दिवसा खोली दमट, संध्याकाळी कूलर बंद झाला की पुन्हा कोरडी. कागद रोज फुगतो आणि आकसतो. वाळ्याचे पाणी बदलले नसेल तर बुरशीचे बीज हवेत येते ते वेगळे. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरतेच. कागदपत्रांसाठी मधली, पश्चिमेची भिंत नसलेली, वरून पाण्याचा नळ न जाणारी, तळमजल्यावरची खोली निवडा. तळघर नको आणि पत्र्याखालची वरची खोलीही नको. चोवीस तास एसी चालवता येत असेल तर २५ अंशांच्या आत आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता राखा. फक्त कार्यालयीन वेळेत चालणार असेल तर एसीही नको; जाड भिंती, छताला पांढरा रंग आणि बंद खिडक्या बऱ्या. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वाळवीला वाट मिळते, म्हणून लोखंडी मांडणी भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर तरी दूर हवी.

स्कॅन जरूर करा, पण ते मूळ कागदाला पर्याय नाही. कागद आपोआप ओढून घेणारे यंत्र या वह्यांना लावू नका. वरून प्रतिमा घेणारे स्कॅनर वापरा. ४०० डीपीआयला ए-फोर आकाराचे एक रंगीत पान टिफ स्वरूपात सुमारे ४६ एमबी होते. दहा हजार पाने म्हणजे साडेचारशे जीबीहून अधिक. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा खर्च आजच अंदाजपत्रकात धरा. एका पेनड्राइव्हवर ठेवलेला संग्रह हा संग्रह नसतो.

एक कायद्याची गोष्ट राहिली. डॉक्टरसाहेबांना आलेली पत्रे ही वस्तू म्हणून विद्यापीठाची झाली, पण त्यातल्या मजकुराचा हक्क १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पत्र लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. ती वाचनकक्षात दाखवणे वेगळे, संकेतस्थळावर छापणे वेगळे. कुटुंबाशी केलेल्या देणगीपत्रात हे स्पष्ट नसेल तर आत्ताच पुरवणी करार करून घ्या.

आमच्या मागण्या अशा आहेत.

तपासणी वह्या, वंशावळी, रुग्णांचे फोटो आणि रुग्णांची पत्रे संकेतस्थळावर टाकण्याचा निर्णय रद्द करावा. अशा नोंदी नोंदीच्या तारखेपासून १०० वर्षे सर्वांसाठी बंद राहाव्यात. ब्रिटनमध्ये रुग्णनोंदींना साधारण हीच मुदत लावतात. तोवर अभ्यासकाला त्या पाहायच्या असतील तर त्याचा प्रस्ताव नीतिसमितीने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, मंजूर केलेला असावा. त्याला मिळणाऱ्या प्रतीत नावाऐवजी संकेतांक, पाड्याऐवजी तालुका आणि वयाऐवजी वयोगट असावा. संकेतांकाची किल्ली वेगळ्या कपाटात, वेगळ्या माणसाच्या ताब्यात असावी. कोणत्याही तक्त्यात पाचापेक्षा कमी माणसांचा गट दिसू नये.

मात्र आपल्या कुटुंबाचे पान पाहण्याचा हक्क त्या कुटुंबाला आजपासून असावा. पान हातात देताना भिली किंवा पावरी बोलणारा आणि सिकलसेलची माहिती असलेला माणूस शेजारी बसलेला असावा.

निवड समिती बरखास्त करावी. संपूर्ण सूची होऊन ती जाहीर होईपर्यंत एकही कागद, चिठ्ठी, पट्टी, पाकीट टाकू नये. रुग्णांची ओळख ज्यातून पटत नाही ते सर्व, डॉक्टरसाहेबांचे मतभेद, तक्रारी, फसलेले प्रयोग आणि मागे घेतलेली अनुमाने यांसह, खुले करावे.

वेगळे केलेले गठ्ठे पूर्वीसारखे लावता येतील तेवढे लावावेत. गठ्ठे उचलून आणणाऱ्या कर्मचाऱ्यांना आणि कुटुंबीयांना अजून आठवते तोवर त्यांना विचारून मूळ मांडणीची नोंद करावी. याला उशीर झाला तर ही माहिती कायमची जाईल.

उद्घाटन पुढे ढकलावे. प्रशिक्षित अभिलेखपाल आणि जतन-तंत्रज्ञ नेमून आधी सूची आणि जतन करावे. प्रदर्शन करायचेच असेल तर नावे नसलेल्या पानांच्या प्रती मांडाव्यात. मूळ पान ठेवलेच तर मंद, ५० लक्सच्या आतल्या प्रकाशात आणि थोड्याच काळासाठी.

शेवटची मागणी. प्रवेशाचे नियम ठरवणाऱ्या मंडळात अक्कलकुवा, धडगाव, तळोदा आणि शिरपूर-चोपड्याकडच्या पाड्यांवरची माणसे सदस्य म्हणून असावीत, त्यांत बायका असाव्यात, आणि बैठका विद्यापीठात नव्हे तर आळीपाळीने त्या तालुक्यांत व्हाव्यात. खुल्या कागदपत्रांची एक पूर्ण प्रत नंदुरबार जिल्ह्यात, एसटीने पोचता येईल अशा सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी.

यांतल्या कोणत्याही कामासाठी हातभार लागत असेल तर आम्ही यायला तयार आहोत. कागद सोडवणे, सूची लिहिणे, चाचण्यांची टिपणे वाचून लावणे, भिली-पावरी-अहिराणीतले शब्द ओळखणे यातले बरेच काम आम्हाला येते आणि त्यासाठी मानधन नको. या पत्राचे उत्तर लेखी आणि जाहीर मिळावे, अशी विनंती आहे.

आपले,
खान्देशातील अभिलेख, ग्रंथालय, प्रयोगशाळा व आरोग्यसेवेत काम करणारे आणि सातपुड्यातील काही कुटुंबे